‘पुरेशी’ स्पर्धा आणि ‘हजर’ स्पर्धा

जेथे स्पर्धा आहे तेथे सरकारी नियमन कशासाठी, असा प्रश्न मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते नेहमी विचारीत असतात. प्रश्न इतका निरुपद्रवी वाटतो की त्याच्या वाटेला फारसे कोणी जात नाही. परंतु उत्तराचा मोठा भाग या प्रश्नातच गृहीत धरलेला असतो. स्पर्धा आहे हे कोणी ठरविले? कोणत्या मापाने ठरविले? आणि ज्या ग्राहकाच्या दारापर्यंत ती पोहोचलीच नाही, त्याचे काय? कॅनडाने व्यापारी ग्राहकांच्या स्थानिक दूरध्वनी सेवेवरील दरनियंत्रण २००७ नंतर ज्या रीतीने उठविले, त्याचा इतिहास या तीन प्रश्नांच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे. तो परक्या देशाचा असला तरी त्यातील युक्तिवाद आज आपल्याकडेही ऐकू येतो.

दूरध्वनी हा मूळचा मक्तेदारीचा धंदा. एकाच रस्त्यावरून दोन कंपन्यांनी दोन तारा ओढणे हा राष्ट्रीय संपत्तीचा अपव्यय, असे अर्थशास्त्र दीर्घकाळ सांगत आले. मक्तेदारी अटळ असेल तर ती एक तर लोकांच्या मालकीची असावी, नाही तर लोकांच्या नियंत्रणाखाली असावी, हा त्यावरचा उपाय. कॅनडाने दोन्ही उपाय योजले. मध्य कॅनडात १८८० मध्ये स्थापन झालेली बेल ही खासगी कंपनी नियंत्रणाखाली राहिली. पश्चिमेकडील मॅनिटोबा, आल्बर्टा आणि सास्काचेवान या गव्हाच्या प्रांतांनी मात्र १९०८-०९ मध्ये बेलचे आपापल्या प्रदेशातील जाळे विकत घेऊन प्रांतिक मालकीची दूरध्वनी सेवा उभारली. विरळ वस्तीच्या माळरानावर तार ओढण्यात खासगी भांडवलाला रस नव्हता. सास्काचेवानात तर शेतकऱ्यांनी स्वतःच्या ग्रामीण टेलिफोन कंपन्या काढून खेडोपाडी तारा नेल्या.

नियंत्रित दरांमागे एक सामाजिक हिशेब होता. व्यापारी ग्राहकांकडून घरगुती ग्राहकांपेक्षा अधिक दर घेतला जाई. परगावच्या संभाषणावर मिळणाऱ्या नफ्यातून स्थानिक सेवा स्वस्त ठेवली जाई. शहराने खेड्याचा आणि पेढीने घराचा भार थोडासा उचलावा, असा तो न्याय होता. स्पर्धेचे आगमन होताच हा न्याय कोलमडणार हे उघड होते, कारण नवी कंपनी प्रथम तेथेच येते जेथे दर चढे आणि ग्राहक दाटीने वसलेला असतो. १९९२ मध्ये परगावच्या संभाषणसेवेत आणि १९९७ मध्ये स्थानिक सेवेत स्पर्धेला दार उघडण्यात आले. त्यानंतर प्रश्न उरला तो एवढाच, की जुन्या कंपन्यांवरील अंकुश केव्हा काढायचा.

याचे उत्तर १९९३ च्या दूरसंचार कायद्यात लिहिलेले होते. त्याच्या ३४ व्या कलमानुसार, ग्राहकांचे हित राखण्यास पुरेशी स्पर्धा आहे असे आढळल्यास नियामक आयोगाने आपले नियंत्रण आवरते घ्यावे. तसे केल्याने स्पर्धात्मक बाजारपेठ उभी राहण्यालाच बाधा येणार असेल, तर मात्र ते आवरू नये. येथे ‘पुरेशी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. केवळ स्पर्धा असून भागत नाही, ती ग्राहकाचे रक्षण करण्याइतकी समर्थ हवी. सगळा वाद पुढे या एका शब्दाभोवती फिरला.

एप्रिल २००६ मध्ये आयोगाने आपली कसोटी जाहीर केली. इतर अटींबरोबर तीत अशी अट होती की, जुन्या कंपनीने संबंधित बाजारपेठेतील निदान २५ टक्के हिस्सा प्रतिस्पर्ध्यांकडे गमावलेला असावा. कसोटी निर्दोष नव्हती. परंतु तिचे तत्त्व योग्य होते, कारण ग्राहकांनी प्रत्यक्षात काय केले याकडे ती पाहत होती. जुन्या कंपन्यांना ती जाचक वाटली. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या हार्पर सरकारला त्यांचे म्हणणे पटले. डिसेंबर २००६ मध्ये सरकारने आयोगाला आदेश दिला की, शक्य तेवढ्या अधिक प्रमाणात बाजारातील शक्तींवर विसंबून राहावे. उद्योगमंत्री मॅक्सिम बर्निये यांच्या पुढाकाराने एप्रिल २००७ मध्ये मंत्रिमंडळाने आयोगाची कसोटीच बदलून टाकली.

नव्या कसोटीत २५ टक्के हिस्सा गमावल्याचे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. व्यापारी ग्राहकांच्या बाबतीत जुन्या कंपनीखेरीज स्वतःचे जाळे असलेली, तारेवरून सेवा देणारी आणखी एक स्वतंत्र कंपनी त्या एक्स्चेंजच्या हद्दीत असली की पुरे झाले. जुनी कंपनी जितक्या जोडण्या देऊ शकते त्यांच्या किमान ७५ टक्के जोडण्या देण्याची क्षमता त्या दुसऱ्या कंपनीपाशी असावी, एवढीच अपेक्षा. प्रतिस्पर्ध्यांना द्यावयाच्या सेवेच्या दर्जाची अट तेवढी कायम राहिली. म्हणजे ‘पुरेशी’ स्पर्धा जाऊन तिच्या जागी ‘हजर’ स्पर्धा आली. शाळेच्या हजेरीपटावर नाव असणे आणि विद्यार्थ्याला लिहितावाचता येणे यांत जेवढा फरक, तेवढाच या दोन कसोट्यांत आहे.

या गणिताचा साधा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. दुसऱ्या कंपनीची तार शंभरांपैकी पंच्याहत्तर जोडण्यांपर्यंत पोहोचू शकत असेल तर दरनियंत्रण उठते ते शंभरही जोडण्यांवरून. उरलेल्या पंचवीस ग्राहकांना पर्याय नाही आणि संरक्षणही नाही. हे पंचवीस कोण असतात? शहराच्या मध्यवर्ती भागातील बँका आणि विमा कंपन्या खचितच नव्हेत. त्यांच्या इमारतींत तार नेण्यासाठी कंपन्यांची चढाओढ असते. मागे राहतात ते हमरस्त्यापासून दूर असलेले मोटारदुरुस्तीचे दुकान, जुन्या वस्तीतील किराणा, एखाद्या छोट्या संस्थेचे कार्यालय. नियंत्रित व्यवस्थेत दोघांनाही एकच जाहीर दरपत्रक लागू असे. अंकुश निघाल्यावर कंपनी बँकेशी वेगळा करार करू शकते आणि बँकेला दिलेल्या सवलतीची भरपाई दुकानदाराकडून करू शकते. ज्याला दुसरीकडे जाता येते त्याला स्वस्त आणि ज्याला जाता येत नाही त्याला महाग, हा बाजाराचा स्वाभाविक धर्म आहे. त्याला कार्यक्षमता म्हणणे सोपे आहे, न्याय म्हणणे अवघड.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. नियमनाचे दोष खोटे नाहीत. आयोगाचे निर्णय रेंगाळतात. किमान दराच्या अटीमुळे जुन्या कंपनीला दर कमी करावयाचे असूनही करता येत नाहीत, असे प्रसंग घडतात. मोठ्या ग्राहकांना स्पर्धेचा लाभ झाला हेही नाकारण्याचे कारण नाही. समाजवाद्यांनी मक्तेदारीवर टीका करावयाची आणि स्पर्धेवरही करावयाची, ही विसंगती नाही का, असाही सवाल टाकला जातो. त्याचे उत्तर असे की, टीका स्पर्धेवर नाही, तिच्या नावाने चालणाऱ्या द्विमक्तेदारीवर आहे. बाजारात दोनच विक्रेते असले तर काय घडते, हे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ कूर्नो याने १८३८ मध्येच दाखवून दिले होते. एकमेकांशी कसलाही कट न करता, केवळ दुसऱ्याच्या हालचालीचा अंदाज घेत दोघेही खऱ्या स्पर्धेतील किमतीपेक्षा चढी किंमत वसूल करू शकतात.

पुढील वर्षांनी या विवेचनाला पुष्टीच दिली. मॅनिटोबाची सार्वजनिक दूरध्वनी संस्था तेथील सरकारने १९९६-९७ मध्ये भागधारकांना विकली. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ती बेलच्याच पदरात पडली. प्रबळ प्रादेशिक कंपनी असल्यामुळे मॅनिटोबातील मोबाइलचे दर इतर अनेक प्रांतांपेक्षा बरेच कमी होते, असे कॅनडाच्या स्पर्धा कार्यालयाने त्या वेळी स्वतःच नमूद केले होते. तरीही व्यवहाराला संमती मिळाली. तोल सांभाळण्यासाठी काही ग्राहक आणि ध्वनिलहरी एका नव्या मोबाइल कंपनीकडे सोपविण्यात आल्या. ती कंपनी ऑगस्ट २०२२ मध्ये बंद पडली. हजेरीपटावरचा प्रतिस्पर्धी असा नाहीसा होतो.

त्याच वर्षी ८ जुलै रोजी रॉजर्स कंपनीचे जाळे कोसळले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा थांबली, अनेकांना तातडीच्या मदतीसाठी दूरध्वनी करता येईना आणि देशभर दुकानांतील कार्डाने पैसे देण्याची व्यवस्था ठप्प झाली. एका खासगी कंपनीची यंत्रणा बिघडली की राष्ट्राचा व्यवहार थांबतो, इतके केंद्रीकरण स्पर्धेच्या नावाखाली झालेले होते. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, एप्रिल २०२३ मध्ये, रॉजर्सने पश्चिमेकडील शॉ ही केबल कंपनी २६ अब्ज डॉलरच्या व्यवहारात आपल्यात सामावून घेतली. पश्चिमेत जुन्या दूरध्वनी कंपनीची स्पर्धक म्हणून जिच्याकडे बोट दाखविले जाई, ती हीच शॉ. तारा दोनच्या दोनच राहिल्या, म्हणून कागदावर स्पर्धा शाबूत राहिली. मालकांचे वर्तुळ मात्र आणखी आवळले गेले.

२००६ चा बाजारनिष्ठेचा आदेश कॅनडाच्या सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये रद्द केला आणि परवडणारे दर व ग्राहकांचे हित यांवर भर देणारा नवा आदेश काढला. ही उशिरा सुचलेली उपरती होय. दरम्यान सास्काचेवानची दूरसंचार संस्था मात्र आजही त्या प्रांतातील जनतेच्या मालकीची आहे, ही गोष्ट सार्वजनिक क्षेत्राला मोडीत काढू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

आता आपल्या देशाकडे वळावे. भारतात मोबाइलचे बहुतेक दर ठरविण्याची मोकळीक नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना दिलेली आहे. जून २०२४ च्या अखेरीस तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन-तीन दिवसांच्या अंतराने दरवाढ जाहीर केली. ओरड झाली तेव्हा केंद्र सरकारने खुलासा केला की, बाजारात तीन खासगी आणि एक सार्वजनिक कंपनी आहे, दर मागणी-पुरवठ्यानुसार ठरतात आणि त्यात सरकार हस्तक्षेप करीत नाही. ओटावाचा हजेरीपट दिल्लीत असा उघडला गेला. वस्तुतः त्या पटावरील चौथे नाव, भारत संचार निगम, खासगी कंपन्यांचे फोर-जी जाळे देशभर पसरल्यानंतर कित्येक वर्षे त्या सेवेपासून वंचित होते. हात बांधलेल्या मल्लाला आखाड्यात उभे करायचे आणि कुस्ती चुरशीची होत आहे असे पुकारायचे, असा हा प्रकार आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी ‘नियमन हवे की स्पर्धा’ या फसव्या द्वंद्वात सापडू नये. स्पर्धेचे माप पहिल्या ग्राहकापासून न घेता शेवटच्या ग्राहकापासून घ्यावे. पर्याय नसलेल्या ग्राहकालाही शेजाऱ्याइतकाच दर मिळेल अशी हमी कायद्यात असावी. उठविलेले नियंत्रण, कंपन्यांचे विलीनीकरण झाले किंवा प्रतिस्पर्धी बुडाला की पुन्हा तपासणीस यावे. आणि सार्वजनिक कंपनी पूर्ण सामर्थ्यानिशी मैदानात असावी, कारण खासगी कंपन्यांच्या दरांना सर्वांत खरा लगाम तीच घालू शकते. या चार मागण्या घेऊन गावोगावच्या छोट्या व्यापाऱ्यांकडे आणि ग्राहक संघटनांकडे गेले पाहिजे. नियंत्रण उठविणाऱ्यांना विचारावयाचा प्रश्न एकच आहे: स्पर्धा आहे म्हणता, ती कोणाला पुरेशी आहे?