खंडेनवमीचे लोखंड

पाऊस ओसरला आहे. झाडीपट्टीत हलका धान पिवळा पडू लागला, भारी धान अजून लोंबीवर यायचा आहे, आणि वैनगंगेचे गढूळ पाणी निवळून वाळूचे पट्टे पुन्हा वर येत आहेत. अशाच दिवसांत खंडेनवमी येते. ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंत इळे, कुऱ्हाडी, फाळ, पावश्या धुऊन-पुसून ओळीने मांडल्या जातात. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, घुग्गुस-माजरीच्या कोळसा खाणींत यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत तर या दिवसाला वेगळेच गांभीर्य असते. दुसऱ्या दिवशी आपट्याची पाने हाती देऊन आपण एकमेकांना भेटतो. ती पाने ज्या रानातून येतात, त्याच रानाच्या पोटात पूजेतले लोखंडही आहे, ही गोष्ट देशाच्या फार थोड्या भागांना लाभली आहे.

एरव्ही लोखंडाकडे आपण हत्यार म्हणून, अवजार म्हणून, फार तर रोजगार म्हणून पाहतो. नवमीच्या दिवशी मात्र त्याच्यापुढे हात जोडतो, आणि ज्याच्यापुढे हात जोडले त्याचे वर्षभराचे काय झाले, हे विचारणे हाही त्या पूजेचाच भाग आहे. हे विचारायला लागले की आपण आपल्या गावशिवेत थांबू शकत नाही. कारण आज एटापल्लीच्या डोंगरातून निघणाऱ्या दगडाचा भाव एटापल्लीत ठरत नाही, मुंबईतही ठरत नाही. तो बड्या सत्तांच्या ओढाताणीत ठरतो.

या ओढाताणीचे आकडे एकदा डोळ्यांखालून घालायला हवेत. जगात होणाऱ्या पोलादापैकी निम्म्याहून अधिक पोलाद एकटा चीन बनवतो, वर्षाला सुमारे १०० कोटी टन. १९९६ मध्ये त्याने १० कोटी टनांचा टप्पा गाठून पहिला क्रमांक मिळवला, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत ते उत्पादन दहापट झाले. समुद्रमार्गे विकल्या जाणाऱ्या लोहखनिजाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईकही तोच. पण त्याच्या शहरांतली बांधकामे मंदावली तशी भट्ट्यांतून निघणारे वाढीव पोलाद बाहेर वाहू लागले. २०२४ मध्ये चीनने ११ कोटी टनांच्या आसपास पोलाद निर्यात केले. अमेरिकेने २०१८ मध्ये परदेशी पोलादावर २५ टक्के शुल्क बसवले होते, ते जून २०२५ मध्ये ५० टक्क्यांवर नेले. युरोपीय संघाने पोलाद बनवताना किती कार्बन हवेत गेला यावर आकार लावण्याची व्यवस्था उभी केली आणि २०२६ पासून तिचा भार आयातदारांवर पडू लागला. आपल्या देशानेही एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादाच्या आयातीवर १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लावले. तिकडे दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर चीन निर्बंध घालतो, अमेरिका संगणकाच्या चिप रोखून धरते. पूर्वी पाऊस सरल्यावर राजे सीमोल्लंघनाला निघत, तेव्हा त्यांच्या मोहिमांची धूळ तरी दिसे. आताच्या मोहिमा अधिसूचनांच्या कागदावरून निघतात, आणि त्यांचे हादरे मात्र आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावरही बसतात.

हे आपल्या मुलखाला नवे नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी चांदा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीचे, लोखंड अशाच एका जागतिक स्पर्धेच्या मधोमध उभे होते. त्या काळी या जंगलात देशी भट्ट्या पेटत. लाकडी कोळसा आणि हातभात्यांवर गाळलेले लोखंड गावोगावच्या लोहाराकडे जाई, त्याचे फाळ होत, कुऱ्हाडी होत. विलायती स्वस्त लोखंडाने आणि जंगलावरच्या नव्या बंधनांनी त्या भट्ट्या एकेक करून थंड केल्या. मग १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या तज्ज्ञाचा अहवाल प्रसिद्ध झाला. मध्य प्रांतात लोखंडाच्या कारखान्यासाठी सर्वांत सोयीची जागा चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याची, असे त्यात म्हटले होते, कारण वरोऱ्याच्या कोळशाची खाण तिथून फार दूर नव्हती. नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल उभारणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती हा अहवाल पडला, आणि हिंदुस्थानात पोलाद करण्याचे त्यांचे स्वप्न आपल्या लोहाऱ्याच्या टेकडीवर येऊन थबकले. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीला तपासायला गेले, ते भट्टीसाठी उपयोगाचे नाहीत असे ठरले. त्याहून मोठा अडसर होता तो सरकारी अटींचा. खनिजाचे परवाने इतक्या जाचक शर्तींवर मिळत की कोणीही भांडवल घालू धजू नये. ज्या साम्राज्याला आपले पोलाद इथल्या रेल्वेला विकायचे होते, त्याला इथे पोलाद होण्याची घाई नव्हती.

मग साम्राज्याचा विचार का बदलला? त्याचे एक कारण मध्य प्रांतापासून फार दूर होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनी आणि अमेरिका पोलादात ब्रिटनच्या पुढे गेले. हिंदुस्थानच्या बाजारात बेल्जियमचे आणि जर्मनीचे पोलाद शिरू लागले. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत खाणींचे नियम सैल झाले. जमशेटजी अमेरिकेला गेले, तिथे चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्यांना गळ घातली, आणि पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड हे भूगर्भतज्ज्ञ चांद्याच्या जंगलात दाखल झाले. दोराबजी टाटांबरोबर बैलगाडीने रान तुडवत त्यांनी लोहारा तपासला. खनिज उत्तम, पण मोठ्या कारखान्याला वर्षानुवर्षे पुरेल इतके नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. निराश दोराबजी नागपूरला आले. तिथल्या संग्रहालयात भूगर्भाच्या एका नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाच्या खुणा रंगवलेल्या त्यांना दिसल्या, आणि शोधाची दिशा पूर्वेकडे वळली. पुढे भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने ती मयूरभंजला पोहोचली. १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली, १९१२ मध्ये साकचीला, आजच्या जमशेदपूरला, पहिले पोलाद ओतले गेले. वरोऱ्याची सरकारी खाण त्याआधीच बंद पडली होती. जमशेटजींनी ते पोलाद पाहिले नाही. मे १९०४ मध्ये जर्मनीत बाड नाउहाइमला त्यांचा देह पडला.

चांद्याच्या वाट्याला त्या साऱ्या धडपडीत काय आले, असे मनाला विचारल्यावर हळहळ वाटते हे खरे. पण त्या कथेची पुढची ओळ अधिक महत्त्वाची आहे. पहिल्या महायुद्धात ज्या कारखान्याने ब्रिटिशांना रूळ पुरवले, तोच कारखाना युद्ध संपताच युरोपातून येणाऱ्या स्वस्त पोलादापुढे बुडायच्या बेतात आला, आणि १९२४ मध्ये संरक्षणाचा कायदा झाला तेव्हा कुठे तरला. महासत्तांना गरज असते तोवर भाव चढतो, गरज सरली की पडतो. आणि या चढउताराला तोंड देण्याचे बळ ज्याच्याकडे स्वतःचे ज्ञान, स्वतःची भट्टी आणि मागे उभे राहणारे शासन आहे, त्याच्याकडेच असते. ज्याच्याजवळ नुसता दगड आहे त्याच्याकडे नसते.

आज तेच प्रश्न सुरजागडच्या डोंगरावर आले आहेत. लॉइड्स मेटल्स या कंपनीला २००७ मध्ये एटापल्ली तालुक्यात सुमारे ३४८ हेक्टरचा पट्टा मिळाला. प्रत्यक्ष खोदकाम २०१६ मध्ये सुरू झाले, त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी वाहनांचा मोठा ताफा जाळला, आणि २०२१ पासून काम पुन्हा जोमाने चालले. वर्षाला १ कोटी टनांची मुभा २०२३ मध्ये होती, ती २०२५ मध्ये २.६ कोटी टनांवर गेली. हेडरीपासून कोनसरीपर्यंत ८५ किलोमीटरची खनिजवाहू नळवाहिनी झाली. कोनसरीत कारखाना उभा राहिला. हजारो हातांना काम मिळाले. ज्या वाटांवर कधी एसटी गेली नव्हती तिथे ती गेली. बंदूक खाली ठेवून माणसे गावी परतली. हे सारे आपण मोकळ्या मनाने मान्य करायला हवे. पिढ्यान्‌पिढ्या तेंदूपत्त्याच्या दोन आठवड्यांच्या हंगामावर आणि मोहाच्या टोपलीवर संसार ओढणाऱ्या घरात महिन्याचा पगार येणे म्हणजे काय, हे ज्याने ते घर पाहिले आहे त्यालाच कळते.

पण त्याच डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे, आणि दर जानेवारीत त्याच्या यात्रेला सत्तर-सत्तर गावांची माणसे पायी येतात. परिसरातल्या इतर डोंगरांचे पट्टे दिले जाऊ नयेत म्हणून तोडगट्ट्याला २०२३ मध्ये माणसे महिनोन्‌महिने बसली होती. खनिज शुद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी लाखाहून अधिक झाडे तोडण्याला २०२५ मध्ये केंद्राकडून हिरवा कंदील मिळाला. रस्त्याकडेच्या कापसावर लाल धूळ बसते. या गोष्टी विकासाच्या विरोधात मांडल्या जातात, तशा त्या मांडू नयेत. त्या हिशेबाच्याच बाजू आहेत आणि हिशेबात त्यांची नोंद हवी.

आपल्याला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गतीची. राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०१७ मध्ये ठरवले की २०३०-३१ पर्यंत देशाची क्षमता ३० कोटी टनांवर न्यायची. चीनवर विसंबून राहायचे नसेल तर हे उद्दिष्ट रास्त आहे, त्यात वाद नाही. परंतु खाणीची गती उद्दिष्टाच्या आणि बाजाराच्या तालावर ठरू लागली की एक साधी गोष्ट नजरेआड होते: डोंगरातले लोखंड नासत नाही. जो दगड डोंगरात कोट्यवधी वर्षे राहिला, तो आणखी वीस वर्षे राहिला तर त्याचे मोल घटणार नाही. आयातशुल्क एका अधिसूचनेने लागते आणि दुसऱ्या अधिसूचनेने उठते. तोडलेले सागवान-बांबूचे रान आणि खणलेला माथा अधिसूचनेने परत येत नाही. लग्नाच्या मोसमात सोन्याचा भाव चढला म्हणून घरातले सगळे दागिने कोणी एका दिवसात मोडत नाही, घरात पुढची मुलगीही आहे हे लक्षात ठेवूनच पेटी उघडली जाते. वॉशिंग्टन आणि बीजिंगमधल्या तहानुसार किंवा तंट्यानुसार सुरजागडचा वार्षिक आकडा फुगू नये, तो या खोऱ्याला पेलवेल तेवढाच असावा, हे म्हणण्याचा अधिकार इथे राहणाऱ्यांचा आहे.

हा अधिकार नुसता भावनेचा नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा, वनाधिकार कायदा २००६चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या छोट्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपल्या रानातला बांबू स्वतः विकून दाखवला. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत. सगळ्यांचे एकमत होईतो चर्चा चालते, आणि ठरवण्याआधी अभ्यासगट बसून विषय समजून घेतो. तिथले कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्या पिढीने घालून दिलेली ही रीत संथ आहे, पण संथ असल्यामुळेच ती टिकली. पोलादाच्या प्रश्नावर आपल्याला हाच संथपणा उसना घ्यावा लागेल.

आणि अभ्यास करायचा तर त्याची साधने इथे हवीत. कोळशाचेच पाहा. चंद्रपूर जिल्हा कोळशावर बसला आहे, तरी झोतभट्टीला लागणारा कोकिंग कोळसा देश आजही मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून आणतो. वरोऱ्याच्या नमुन्यांनी जर्मनीत जे सांगितले, ते जवळपास दीडशे वर्षांत पुसले गेलेले नाही. म्हणून घुग्गुस-कोनसरीला स्पंज आयर्नची वाट धरली गेली. पण युरोप आता कार्बनचा हिशेब मागू लागला आहे, तेव्हा उद्या साधा कोळसा जाळून केलेले लोखंड महाग ठरेल, आणि हायड्रोजनवर चालणारी किंवा विजेची भट्टी ज्याच्याकडे असेल त्याचा माल उठेल. ती विद्या कुठे शिकवली जाईल? २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांचे आहे. धातुशास्त्र, खनिज-शुद्धीकरण, खाण झाल्यावर डोंगर पुन्हा कसा उभा करायचा याचे शास्त्र, हे तिथे मराठीत आणि माडिया-गोंडी मुलांना कळेल अशा रीतीने शिकवले गेले नाही, तर एटापल्लीचा मुलगा चालक आणि सुरक्षारक्षकच राहील, आणि तज्ज्ञ बाहेरून येत राहतील, जसे वेल्ड आले होते.

यासाठी पैसा नाही असे म्हणता येणार नाही. २०१५च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने झाली, खाणीच्या स्वामित्वधनासोबत त्यांच्याकडे निधी जमतो, आणि तो खाणबाधित गावांसाठीच आहे. तो रस्ते आणि इमारतींवर खर्च होण्याकडे कल असतो, कारण त्यांचे उद्घाटन करता येते. गावे त्यातून आपल्या नाल्याच्या पाण्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा मागू शकतात. खनिज किती निघाले, कोणत्या भावाने गेले, किती झाडे पडली आणि किती जगली, याचा वार्षिक हिशेब माडियात आणि मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवा, असेही ती मागू शकतात. वडसा ते गडचिरोली रेल्वेमार्गाचे काम चालू आहे. तो पूर्ण झाल्यावर पहिली मालगाडी कशाने भरून निघेल, कच्च्या दगडाने की इथे घडवलेल्या वस्तूंनी, हे ठरवण्याची मुदत अजून संपलेली नाही. एटापल्ली, भामरागड आणि धानोऱ्याच्या ग्रामसभांनी त्याविषयीचा ठराव या हिवाळ्यात, धान मळून झाल्यावर, घ्यावा, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी त्याला लेखी उत्तर द्यावे.