आधी खाली उतरावं

मंडळी, बहात्तराव्या वर्षी मी एका भाताच्या खाचरात जीप रुतवून बसलो, ही बातमी तुमच्यापैकी बहुतेकांपर्यंत पोचलीच असेल. आपल्या घरात बातम्या पोचायला वेळ लागत नाही. पण पोचली ती अर्धीच. उरलेली अर्धी सांगतो, आणि त्यावरून माझं जे मत झालंय तेही.

पुतण्याने तीन वर्षांपूर्वी थार घेतली. गाडी दारात आली आणि तिची 'तयारी' सुरू झाली. टपावर कॅरियर, त्यावर दिव्यांची रांग, जाडजूड टायर, पुढे भलाथोरला लोखंडी बंपर. दर महिन्याला एक नवा दागिना. मीही कौतुक करत होतो. एवढं सगळं होईपर्यंत गाडी डांबरी रस्ता सोडून एकदाही खाली उतरली नव्हती, हे मात्र आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. आधी कळस मग पाया, दुसरं काय!

गेल्या डिसेंबरात तो म्हणाला, "काका, चला, तुम्ही पण शिका." त्याच्या एका जाणकार मित्राने एका माळावर आम्हाला पहिला धडा दिला. जन्मभर दुसऱ्यांना शिकवल्यावर विद्यार्थी होऊन बसायला मजा येते.

पहिली गोष्ट म्हणजे टायरमधली हवा कमी करायची. सडकेवर ३० पौंडांच्या आसपास असते, ती कच्च्या वाटेवर २०-२२ पर्यंत आणायची. टायर पसरतो, जमीन जास्त धरतो आणि दगडावरून उसळत नाही. सडकेला लागण्याआधी मात्र पुन्हा भरायची. दुसरी गोष्ट, अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, कारण चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग झटका देतं. तिसरी, चढ सरळ चढायचा. आडवा घेतला तर गाडी कलंडते. आणि उतारावर 'फोर-लो' आणि पहिला गिअर टाकून क्लचवरून पाय काढायचा. या गिअरमध्ये चाकांवरचा जोर सुमारे अडीचपट होतो आणि वेग तेवढाच कमी. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. चाळीस वर्षं ब्रेकवर विसंबलेल्या पायाला हे पटायला वेळ लागला. पण एकदा पटल्यावर जो आनंद झाला तो सायकल पहिल्यांदा तोलून चालवली तेव्हा झाला होता, तसाच!

मित्राने शेवटी आणखी एक सांगितलं होतं. शंका आली की गाडी थांबवा, उतरा, चालत जाऊन बघा. ते ऐकायला इतकं साधं होतं की आम्ही विसरलो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघेच भोर तालुक्यात गेलो. बैलगाडीच्या वाटेने तास दीड तास छान गेला. मग समोर कापणी झालेलं खाचर दिसलं. पलीकडे वाट दिसत होती, वळसा वाचणार होता. वरून माती वाळलेली, भेगा पडलेल्या. मी उतरलो नाही. बांधाच्या खालच्या कडेवरून गाडी आत घातली आणि वीस पावलांवर ती बसली. खाली झऱ्याचं पाणी मुरलेलं होतं. घाबरून मी अॅक्सिलरेटर दाबला. चाकं फिरत राहिली आणि स्वतःच स्वतःचा खड्डा खणत गेली.

आता आमच्या दागिन्यांची परीक्षा. दिवे होते, पण दुपारचे बारा वाजले होते. फावडं नव्हतं. ओढायचा पट्टा नव्हता. कंपनीने दिलेल्या हुकांवर तो नवा बंपर बसवलेला! गावातला एक मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. पुतण्या दोर बंपरच्या नळीला बांधायला लागला, तसा तो ओरडला, "तिथं नको! तुटून उडालं तर मानूस जाईल." खरंच आहे ते. ताणलेल्या दोराला लागून सुटलेलं लोखंड गोळीसारखं येतं. शेवटी मागच्या हुकाला दोर बांधून, फावड्याने चाकं मोकळी करून, दगड आणि फांद्या घालून त्याने गाडी आल्या वाटेने मागे ओढली. बांधाचा चार हात तुकडा मात्र कोसळला.

तोवर खाचराच्या मालकीण आल्या. माझ्याच वयाच्या असतील. मी पैसे पुढे केले. त्यांनी हात लावला नाही. एवढंच म्हणाल्या, "पैशानं बांध उभा ऱ्हातो व्हय, बाबा?"

माझ्या वर्गात मी कुणाला इतक्या थोडक्यात गप्प केलं नसेल.

तेव्हा माझं मत सांगतो. या छंदाला माझा विरोध नाही. पण बाजारात मिळते ती तयारी बरीचशी दिखाव्याची असते, आणि ती आपल्याला नसलेलं धाडस देते. त्या बंपरचंच घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे बंपर बेकायदा ठरवून कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं, कारण धडक बसलेल्या पादचाऱ्याला त्याने जास्त इजा होते. आम्हाला हे नंतर कळलं. बंपर आता भंगारात गेलाय. त्याच्या किमतीच्या थोड्या भागात पट्टा, दोन शॅकल, फावडं, हवेचा छोटा पंप आणि प्रेशर मोजायचं गेज आलं. सोबत दुसरी गाडी असल्याशिवाय जायचं नाही, हेही ठरलं.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, रस्ता नाही म्हणजे जागा कुणाचीच नाही, हा समज सोडायला हवा. खाचर कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या बांधून काढलेलं असतं. साताऱ्याकडचे सडे घ्या. जांभ्यावर मातीचा जेमतेम थर, आणि पावसाळ्यात त्यावरच ती सगळी फुलं. कास पठार तर २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथल्यासारख्या मातीवर चाक फिरलं की ती दबते आणि झाडं उगवणं अवघड होतं. कोकणातल्या वाळूत कासवं अंडी घालतात, ती वरून दिसत नाहीत. म्हणून म्हणतो, पडलेल्या वाटेवरूनच जावं, गावात विचारून जावं आणि मागे फिरायची लाज वाटू देऊ नये.

असो. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघे परत गेलो. बाईंनी दगड कसे बसवायचे ते दाखवलं, पुतण्याने माती ओढली, मी दगड दिले. चार हात बांधाला दुपार झाली. त्यांनी भाकरी आणि लसणाची चटणी वाढली.

जुलैत मुद्दाम जाऊन बघून आलो. गाडी रस्त्यावर लावली आणि चालत गेलो. बांध धरून होता, आणि खाचरात पाणी उभं होतं.