बाळाचं वजन घेतलं, आईला कुणी विचारलं?

‘काल संध्याकाळपर्यंत चांगली होती हो, एकाएकी काय झालं कुणास ठाऊक!’ आईनं तान्ह्या लेकराचा जीव घेतल्याची बातमी आली की तिच्यात शेजाऱ्यांचं हे वाक्य ठरलेलं असतं. वर मथळा असतो, ‘जन्मदात्रीच झाली वैरीण’. दोन दिवसांनी ‘कौटुंबिक वादातून घडल्याचा पोलिसांचा प्राथमिक अंदाज’ छापून येतो आणि विषय मिटतो. माझी सगळी नोकरी उपकेंद्रातली नर्स म्हणून जत तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवर गेली. या ‘एकाएकी’वर माझा विश्वास नाही. घरातल्या कुणाला तरी ते आधी दिसलेलं असतं. बहुतेक वेळा सासूला किंवा आईला, कारण रात्री जाग त्यांनाच असते.

आपल्याकडे अशा प्रकरणात त्या बाईला आधी काय होत होतं, कुणी काय पाहिलं होतं, हे सहसा बाहेर येत नाही. म्हणून अमेरिकेतलं एक प्रकरण सांगते. तिथं दोन खटले झाले आणि घरातली, दवाखान्यातली सगळी हकीकत कोर्टात उघडी झाली.

टेक्सास राज्यातलं ह्यूस्टन शहर. अँड्रिया येट्स ही बाई माझ्याच पेशातली, कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात नोकरी केलेली नर्स. शाळेत पहिली आलेली. नवरा नासामध्ये इंजिनिअर. १९९३ साली लग्न, त्यानंतर एकापाठोपाठ मुलं. चौथ्या मुलानंतर, १९९९च्या जूनमध्ये, तिनं गोळ्या खाऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. महिन्याभरानं दुसरा प्रयत्न. रुग्णालयात दाखल केलं, हॅलोपेरिडॉल हे औषध सुरू झालं आणि बाई सुधारली. तेव्हाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी नवरा-बायकोला स्पष्ट सांगितलं की आणखी मूल झालं तर हा आजार परत येणारच. पुढच्या वर्षी औषधं बंद झाली आणि नोव्हेंबरात पाचवं मूल झालं.

२००१च्या मार्चमध्ये तिचे वडील वारले. तिचं बोलणं थांबलं, खाणंपिणं थांबलं, बायबल मात्र झपाटल्यासारखं वाचायची. महिनाअखेरीला पुन्हा दाखल केलं, एप्रिलमध्ये घरी पाठवलं. ३ मे रोजी भर दुपारी तिनं न्हाणीघरातला टब काठोकाठ भरून ठेवला. का भरलास म्हणून विचारलं तर म्हणाली, लागला तर असावा. दुसऱ्याच दिवशी पुन्हा दवाखाना, दहा दिवसांनी पुन्हा घर. जूनच्या सुरुवातीला डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल बंद केलं. तिला एकटं सोडू नका, ही सूचना होतीच. पण तिनं कायम दुसऱ्यावर अवलंबून राहू नये म्हणून नवऱ्यानं रोज थोडा वेळ तिला एकटं ठेवायला सुरुवात केली होती. २० जूनला तो सकाळी नऊच्या सुमारास कामावर गेला. त्याची आई तासाभरात येणार होती. त्या मधल्या वेळात तिनं पाचही मुलांना त्याच टबात बुडवून मारलं. थोरला सात वर्षांचा, धाकटी सहा महिन्यांची. मग तिनं स्वतःच पोलिसांना फोन केला.

यात लपून राहिलेलं काय होतं? नवऱ्याला माहीत होतं, सासूला माहीत होतं, टब भरलेला घरच्यांनी पाहिला होता, आजार फिरून येणार हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा होता. ते तुकडे एकत्र करून ‘आज ही बाई मुलांजवळ एकटी राहता कामा नये’ असं म्हणण्याचं काम मात्र कुणा एकाचं नव्हतं.

२००२मध्ये ज्यूरीनं तिला दोषी ठरवलं, जन्मठेप झाली. पुढं असं निघालं की सरकारी बाजूच्या तज्ज्ञानं साक्षीत टीव्ही मालिकेच्या ज्या भागाचा दाखला दिला होता, तो भाग कधी तयारच झाला नव्हता. (पाच मुलांच्या मृत्यूच्या खटल्यात मालिकेचा दाखला! असो.) वरच्या कोर्टानं शिक्षा रद्द केली. २००६ साली दुसऱ्या ज्यूरीनं वेडाच्या भरात केलेलं कृत्य म्हणून ती दोषी नाही असा निर्णय दिला, आणि तेव्हापासून ती मनोरुग्णालयातच आहे.

आपली माणसं इथं म्हणतील, अमेरिकेत म्हातारी माणसं घरात नसतात, आपल्याकडे असं होत नाही. पण लंडनची डॉ. दक्षा एमसन भारतात जन्मलेली होती. स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, आणि स्वतःलाच बायपोलर म्हणजे उन्माद-नैराश्याचा आजार. मूल हवं म्हणून तिनं औषधं थांबवली होती. ऑक्टोबर २०००मध्ये तिनं आपल्या तीन महिन्यांच्या मुलीला मारलं आणि स्वतःवरही घाव घेतले. काही दिवसांनी तीही गेली. पुढं सरकारी चौकशी झाली, २००३ साली अहवाल आला. तिनं आजार वर्षानुवर्षं लपवला होता, कारण कळला तर डॉक्टरकी जाईल, लोक काय म्हणतील याची धास्ती. ती ज्या खात्यात काम करायची त्या खात्यातही या आजाराला किती नाक मुरडलं जातं, हे अहवालानं लिहून ठेवलं. मनाचे आजार बरे करणाऱ्या बाईला जे उघडपणे बोलता आलं नाही, ते जतच्या वस्तीवरची वीस वर्षांची पोर कुणापुढं बोलणार?

आपल्या आज्यांनी एक गोष्ट बरोबर धरली होती. बाळंतिणीला सव्वा महिना एकटं सोडायचं नाही. पाचवीच्या रात्री घर जागं ठेवायचं. कारण त्या सटवाईचं सांगत, नजरेचं सांगत. कारण काहीही असो, पहारा योग्य वेळी होता. बाळंतपणानंतरचा हा तीव्र मनोविकार बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच उफाळतो. हजार बाळंतपणांमागे एकीला किंवा दोघींना होतो, म्हणजे लाखामागे शंभर ते दोनशे जणींना. उन्मादाचा आजार आधी असेल किंवा मागच्या बाळंतपणात असं झालं असेल, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. बाई झोपत नाही, पण थकलेलीही दिसत नाही. बाळ बदललंय म्हणते, कुणीतरी सांगतंय म्हणते, घरच्यांवर संशय घेते, मध्येच गप्प होते. यातल्या बहुतेक जणी बाळाला बोटही लावत नाहीत, आणि वेळेवर औषध मिळालं तर पूर्ण बऱ्या होतात. पण आज्यांच्या पहाऱ्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. असं काही दिसलं की पहिली फेरी देवऋषाकडे होते, दुसरीही तिकडेच, आणि मग पंधरा दिवस हातचे गेलेले असतात.

एका वस्तीवर मी दुसऱ्याच कामाला गेले होते. माहेरी आलेली बाळंतीण, नववा दिवस. आशाताईच्या नोंदी चोख होत्या. बाळाचं वजन वाढतंय, नाळ कोरडी, दूध पुरेसं. पोरगी मात्र अंगण झाडत होती, भांडी घासत होती, घासलेली पुन्हा घासत होती. तिची आई मला चुलीपाशी नेऊन हळूच म्हणाली, “सिस्टर, चार रात्री झाल्या, डोळ्याला डोळा लावंना पोरगी. आवसंला न्यायचं ठरलंय.” मी पोरीजवळ बसले आणि झोप का येत नाही म्हणून विचारलं. ती म्हणाली, “झोपले की ह्ये दुसरंच बाळ आणून ठेवत्यात.” मी आईला म्हटलं, मावशी, देवाचं आवसंला करा, दवाखान्याचं आज करू. त्या माउलीनं वाद घातला नाही. तिला फक्त कुणीतरी असं म्हणायला हवं होतं.

त्यापुढचे हाल सांगण्यासारखे नाहीत, तरी थोडक्यात सांगते. मोठ्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागानं पोरीला घेतलं, बाळाला घेतलं नाही. बाळ आजारी नाही म्हणून मुलांच्या विभागानंही घेतलं नाही. आजी बाळाला घेऊन व्हरांड्यात बसून. तिसऱ्या दिवशी जावई सही करून सगळ्यांना घेऊन गेला. आठवड्यानं परत आणावं लागलं, तेव्हा कुठं नीट उपचार झाले. ती बरी झाली. पुढच्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिसऱ्याच महिन्यात स्वतःहून उपकेंद्रात आली, म्हणाली, “सिस्टर, मागच्या येळंचं लिवून ठेवा माझ्या कागदावर.”

आता मुद्द्याचं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातली, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केलेली. २०११पासून ती देशभर आशाताईंमार्फत चालते. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी जाते. तिच्या फॉर्मवर बाळाचा ताप, श्वास, वजन, दूध, नाळ असं सगळं आहे. आईसाठी ताप, अंगावरून जाणं, स्तनांची तक्रार आहे. आणि एक ओळ अशीही आहे, की आई असंबद्ध बोलते का, किंवा तिला झटके येतात का. दोन अगदी वेगळी दुखणी एकाच ओळीत. झटके सहसा कुणाला येत नाहीत, म्हणून ओळीपुढं सवयीनं ‘नाही’ पडतं. येट्स बाई असंबद्ध बोलत नव्हती, ती बोलतच नव्हती. ही ओळ तिच्यापुढंही ‘नाही’च म्हणाली असती. आणि बेचाळीस दिवसांनी ही फेरी संपते. येट्सचं धाकटं मूल सहा महिन्यांचं होतं, डॉ. एमसनचं तीन.

तीन आणि सहा महिन्यांनाही आशाताई घरी जाते बरं का. २०१८पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात जायचं असतं. वरचा आहार, लोहाचं औषध, ओआरएसची पुडी आणि वजन. एका भेटीचे तिला पन्नास रुपये मिळतात. तिच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवा, असं मी म्हणणार नाही. रजिस्टरं खूप झाली. असलेल्या भेटीतच आईला एकटीला घेऊन चार गोष्टी विचाराव्यात. बाळ झोपल्यावर तुला झोप येते का? मनात भीतीचे विचार येतात का, बाळाबद्दलही? कुणी काही सांगतंय असं वाटतं का? आधी कधी मनाच्या आजाराची गोळी चालू होती का? यातला शेवटचा प्रश्न तर गरोदरपणी पहिल्या नोंदणीलाच विचारायला हवा, कारण पुढचा सगळा पहारा त्याच्यावर ठरतो.

दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारी प्रत्येक बाई धोक्याची नसते, हेही आशाताईला शिकवावं लागेल. बाळ हातातून पडेल का, माझ्याच हातून काही होईल का, असे विचार कितीतरी चांगल्या आयांना येतात आणि त्या विचारांनी त्या स्वतःच घाबरतात. तिला धीर द्यायचा, डॉक्टरांना दाखवायचं. जिला तो विचार भयंकर वाटतच नाही, उलट बरोबर वाटतो, बाळाला यातून सोडवायचंय म्हणते, तिथं एक मिनीट थांबायचं नाही.

पण न्यायचं कुठं? कायदा चांगला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २१मध्ये लिहिलं आहे की मनोरुग्णालयात दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये. मुलाला धोका असेल तर तेवढ्यापुरतं वेगळं ठेवावं, पण देखरेखीखाली भेट चालूच ठेवावी. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा विभाग २००९पासून आहे. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. या चार ठिकाणी पाच-पाच खाटा आई-बाळासाठी राखायला कितीशी जागा लागेल? शेजारी पाळणा, आजीला टेकायला एक बाक आणि रात्रपाळीला एक नर्स. ही मागणी मी आरोग्यमंत्र्यांकडे करते आहे, आणि निवृत्त असले तरी त्या नर्सांना शिकवायला यायची माझी तयारी आहे.

वार्ताहरांनाही एक विनंती. पुढच्या वेळी ‘वैरीण’ लिहिण्याआधी एवढं विचारा की बाळंतपण कधी झालं होतं, बाई झोपत होती का, कुठं दाखवलं होतं का. अशी बाई आरोपी असते तशी रुग्णही असू शकते, हे आपल्या फौजदारी कायद्यालाही मान्य आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ त्यासाठीच आहे.

आणि ज्यांच्या घरात आज बाळंतीण आहे त्यांना सांगते. सलग दोन रात्री ती झोपली नसेल आणि वागण्या-बोलण्यात फरक दिसत असेल, तर बाळाला आजीनं घ्यावं, बाळंतिणीजवळ दिवसरात्र कुणीतरी थांबावं आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात न्यावं. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी बरी दिसते म्हणून घरच्या घरी बंद करू नका. न्यायला अडचण असेल तर १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि समोरचं माणूस मराठीत बोलतं.