कुलूपबंद घरे आणि अकरा महिन्यांचे नागरिक

वर्धा किंवा पुलगाव स्थानकावर मुंबईची गाडी पकडणारा तरुण हौसेने घर सोडत नाही. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन यांच्या बेभरवशाच्या उत्पन्नात दोन भावांचे भागत नाही, म्हणून एकाला बाहेर पडावे लागते. मुंबईला त्याचे श्रम हवे असतात आणि ते ती ताबडतोब कामाला लावते. मात्र तो माणूस रात्री कोठे राहणार, हा प्रश्न ती आपला मानत नाही. कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत, दलालाला एका महिन्याचे भाडे आणि हातात अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार, ही तेथील प्रवेशाची किंमत. पहिला पगार हाती पडण्याआधीच गावाकडची कापसाची पट्टी घरमालकाच्या खात्यात जमा झालेली असते.

हा दोन व्यक्तींमधला स्वेच्छेचा करार आहे, त्यात सरकारने पडू नये, असे सांगितले जाते. ज्याला आज रात्रीच छप्पर हवे आहे आणि ज्याला घर वर्षभर कुलूप लावून ठेवणे परवडते, त्या दोघांमध्ये कसली स्वेच्छा? अशा करारात एकाची इच्छा चालते आणि दुसऱ्याची सही होते, एवढेच.

विशेष म्हणजे हे तत्त्व ज्या कायद्याने नाकारले होते, तो कायदा वर्ध्यासह साऱ्या विदर्भाने अर्धशतक अनुभवला आहे. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४६च्या कायद्याखाली १९४९ साली घरभाडे नियंत्रणाचा हुकूम काढला. भाडे नियंत्रकाच्या लेखी परवानगीवाचून घरमालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीसही देता येत नसे. त्याहून महत्त्वाची तरतूद रिकाम्या घरांविषयी होती. घर रिकामे झाले की मालकाने त्याची वर्दी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला द्यावी आणि अधिकाऱ्याने ते सरकारी नोकर, निर्वासित अशांना भाड्याने द्यायला लावावे, असा अधिकार त्या हुकमात होता. या व्यवस्थेत वशिलेबाजी झालीच नसेल, असे कोणी म्हणणार नाही. सरकारी नोकराला तिच्यात झुकते माप होते, हेही खरे. परंतु तिच्या मुळाशी असलेला विचार निखळ होता: घर मालकाचे असले, तरी ते रिकामे ठेवण्याचा त्याचा हक्क निरंकुश नाही.

३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अंमलात आला. त्याने विदर्भाचा हा हुकूम, मुंबईचा १९४७चा कायदा आणि मराठवाड्यातील हैदराबादचा कायदा असे तिन्ही रद्द केले. मुंबईच्या जुन्या कायद्यात दोष होते. १९४०च्या सुमारास गोठवलेले भाडे दशकानुदशके तसेच ठेवणे वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली म्हटले. पण दोष दुरुस्त करणे वेगळे आणि तत्त्वच सोडून देणे वेगळे. नव्या कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण राखले. नव्याने येणाऱ्याला मात्र ‘परवानाधारक’ करून उघड्यावर सोडले. मुदत संपल्यावर त्याने घर सोडले नाही, तर दुप्पट दराने भरपाई आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट निष्कासन. पगडीची देवघेवही याच कायद्याने वैध ठरवली.

भाडेकरू निघत नाहीत या भीतीने मालक घरे भाड्याने देत नाहीत. भीती काढा, घरे बाजारात येतील, असा युक्तिवाद तेव्हा होता. भीती काढली गेली. अकरा वर्षांनी, २०११च्या जनगणनेत, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. देशातील कोणत्याही शहरात एवढी नव्हती. कुलूप भीतीचे नव्हते, नफ्याचे होते, हे याहून स्पष्ट कसे व्हावे? घराची किंमत जेथे आपोआप चढते, तेथे घर हे राहण्याचे ठिकाण न राहता तिजोरी बनते, आणि तिजोरीत कोणी भाडेकरू ठेवत नाही.

जी घरे उघडतात, तीही सर्वांसाठी उघडत नाहीत. आडनाव विचारले जाते, आहार विचारला जातो. मुसलमानांना भाड्याने घर मिळताना येणाऱ्या अडचणींची नोंद सच्चर समितीने २००६ सालीच केली. राज्यघटनेचे १५वे कलम दुकान, उपाहारगृह, विहीर आणि पाणवठा येथील भेदभावाला मनाई करते, पण भाड्याच्या घराचा त्यात उल्लेख नाही. १९२८ साली जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचे दार अस्पृश्यांना खुले झाले. देवाचे दार जेथे उघडू शकले, तेथून गेलेल्या मुलासमोर मुंबईच्या फ्लॅटचे दार जातीवरून बंद व्हावे, ही या राज्याला शरम आणणारी गोष्ट आहे.

केंद्राचा २०२१चा आदर्श भाडेकरू कायदा निवासी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करतो, एवढे त्याचे श्रेय. भाडे किती असावे, हे मात्र तोही उभयतांच्या संमतीवर सोपवतो. आणि राज्यांनी स्वीकारल्यावाचून तो लागूच होत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. रिकाम्या घरांची सक्तीची नोंद करा आणि वर्षाहून अधिक काळ कुलूपबंद राहणाऱ्या घरावर चढता कर बसवा. अनामतीला मर्यादा घाला. जात, धर्म वा आहार पाहून घर नाकारणे हा गुन्हा ठरवा. आणि मुख्य म्हणजे सरकारने भाड्याची घरे बांधावीत. १९२०च्या दशकात परकीय सरकारने वरळी, नायगाव, शिवडी येथे बीडीडी चाळी उभारून खोल्या भाड्याने दिल्या. स्वराज्यातील म्हाडा मात्र सोडत काढून घरे विकते. ज्याच्याजवळ विकत घेण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी सोडतीचा उपयोग काय?

शहरे श्रमिकांच्या घामावर उभी राहतात. त्यांना अकरा महिन्यांचे नागरिक बनवून ठेवणारी व्यवस्था कायद्याने घडवली आहे, आणि ती कायद्यानेच मोडावी लागेल. तसा कायदा मालकांच्या सद्बुद्धीतून येणार नाही. तो भाडेकरूंच्या संघटनेतूनच येईल.