घराचा सौदा रुमालाखाली का?



ज्वारी बाजार समितीच्या आवारात नेली की आपण ढिगापाशी उभे राहतो. व्यापारी बोली बोलतात. भाव चढतो किंवा चढत नाही, पण जे होते ते डोळ्यांसमोर होते. पूर्वी हाच सौदा रुमालाखाली बोटे दाबून व्हायचा. ढीग शेतकऱ्याचा, भाव माहीत फक्त आडत्याला आणि व्यापाऱ्याला. ते मोडावे म्हणून उघड लिलाव आला. (कापसाचे मुद्दाम बोलत नाही. तो अजूनही पुष्कळसा खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो, आणि तिथे काय होते ते तुम्हीच जाणता.)

मग आयुष्यात एकदाच विकायचे ते घर आपण कसे विकतो? रुमालाखालीच.

पहूर-जामनेरकडच्या कुठल्याही गावात पाहा. पोरगा सुरतेला नाहीतर पुण्याला, सोसायटीचे कर्ज थकलेले, घर विकायचे ठरते. गोष्ट दलालाच्या कानावर जाते. तो ओट्यावर बसून चहा पितो आणि म्हणतो, "दादा, गावातल्या घराला गिऱ्हाईक कुठे आहे? पण तुमची अडचण आहे, पाहतो." दोन दिवसांनी तो स्वतःच्याच नावाने इसार पावती करतो. रक्कम थोडी, मुदत सहा महिन्यांची. त्या सहा महिन्यांत तो खरे गिऱ्हाईक गाठतो, वरचा भाव ठरवतो, आणि खरेदीखताच्या दिवशी तुम्ही थेट त्या तिसऱ्याच्या नावावर सही करता. मधला फरक दलालाच्या खिशात. वर दोन्हीकडून दलाली वेगळी! त्याने घरही घेतले नाही आणि जोखीमही घेतली नाही. घेतली फक्त तुमची घाई. सगळे दलाल असे नसतील. पण जिथे बोली एकाच कानात सांगितली जाते, तिथे चांगल्या माणसालाही मोह होतो.

आता एक गंमत पाहा. बँकेने गहाण घराचा लिलाव करायचा म्हटले, तर 2002 च्या सरफेसी कायद्याखालील नियमांप्रमाणे तिलासुद्धा मूल्यांकन करून राखीव किंमत ठरवावी लागते आणि पहिल्या लिलावाआधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. जाहीर लिलाव असेल तर दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातले एक स्थानिक भाषेतले. बुडवणाऱ्याच्या घराला कायद्याने एवढे संरक्षण दिले, आणि आपण आपले घर आपल्या मर्जीने विकताना स्वतःला तेवढेही देत नाही.

कर्जदारांनी आणखी एक लक्षात ठेवावे. शेतकरी ज्या घरात राहतो ते घर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये ती सूट आहे. पण तेच घर गहाण टाकलेत की गहाणदाराच्या वसुलीपुढे ही ढाल उरत नाही. आणि सरफेसीत 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधीच थकबाकी भरली तर घर सोडवता येते. म्हणून विकायचेच असेल तर बँकेशी बोलून त्याआधी विका, आणि आपल्या हाताने विका.

त्यासाठी स्वतःचाच जाहीर लिलाव करावा, असे माझे मत आहे. इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात घरे अशी विकली जातात. मेलबर्नला शनिवारी घराच्या दारात उभे राहून बोली लागते. आपल्याकडे त्यात काही लाज नाही. मात्र आधी कागद. नमुना 8 चा उतारा, घरपट्टीची पावती, असेल तर स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका, आणि भाऊ-बहिणी सगळ्या वारसांची लेखी संमती. बहिणीची सही राहिली तर बोली फुकट. किमान किंमत घरात बसून ठरवा, कागदावर लिहा, भाच्यालासुद्धा सांगू नका. बोलणाऱ्याकडून अनामत घ्या. शेवटची बोली नाकारण्याचा हक्क मालकाचा, हे नोटिशीत छापा. आणि बोली संपली म्हणजे घर गेले असे नाही. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदेपर्यंत मालक तुम्हीच. मुद्रांक मात्र बोली सरकारी मूल्यांकनापेक्षा कमी असली तरी त्या मूल्यांकनावरच लागतो, हे घेणाऱ्याला आधीच सांगावे.

लिलावातही चोरी होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चार व्यापारी आधी चहाच्या टपरीवर ठरवून येतात आणि आवारात एकच जण बोलतो. घराच्या बोलीतही तसे होईल. त्याला उपाय म्हणजे माणसे जास्त जमवणे आणि किमान किमतीखाली उठून जाण्याची तयारी ठेवणे. ज्याला उद्याच पैसे हवेत त्याला लिलावसुद्धा वाचवू शकत नाही.

माणसे कधी जमतात? आखाजीला. सुरत-पुण्याची पोरे त्या आठवड्यात गावी असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि ज्याला गावात घर हवे आहे तोही असतो. लिलाव आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, आणि नोटीस महिनाभर आधी लावा: आपल्या गावात, शेजारच्या चार गावांत आणि आठवडे बाजारात.