ब्रेकच्या कामात रेट पाडू नका, माप दाखवा

शिरूर-दौंडकडे गॅरेज टाकायचं म्हणणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला. "सर, शेजारचा पॅड बदलायचे 400 घेतो, मी 300 घेऊ का?" माझं स्पष्ट मत आहे, ब्रेकच्या कामात रेट पाडून उतरायचं असेल तर उतरूच नका.

गेल्या हंगामातली गोष्ट. रात्री न्हावऱ्याहून चौफुल्याकडे येत होतो. पुढे उसाची डबल ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक दाबला तर स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं. गाडी थांबली, पण ट्रॉलीतला ऊस बॉनेटला टेकायचा तेवढा राहिला. आणि पॅड बदलून पंधराच दिवस झाले होते! गॅरेजवाल्याने पॅड नवे घातले, डिस्ककडे बघितलंच नव्हतं. पैसे मात्र कमी घेतले होते, तेही खरं.

डिस्कवर 'मिन टीएच' अशी इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा असतो. त्या मिलिमीटरच्या खाली डिस्क गेली की ती बदलायचीच. आता गंमत बघा. बरेच जण व्हर्नियर थेट कडेवर लावतात. तिथे पॅड घासतच नाही, वळ उरलेली असते, म्हणून माप जाड येतं. मायक्रोमीटर घ्या, वळीच्या आत सात-आठ ठिकाणी मोजा. समजा कोरलंय 20 आणि भरलं 20.3. आज चालेल, पण नवे पॅड संपायच्या आत ती हद्दीखाली जाणार, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. 21.5 भरलं, सगळीकडे सारखं आहे, चरे नाहीत, तर डिस्क विकू नका. गरज नसताना विकलेली डिस्क म्हणजे चोरीच. बदलायची झाली तर दोन्ही चाकांची एकदम.

बसवताना घाई नडते ती हबवर. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. गंजाची बारीक खपली मध्ये राहिली तरी डिस्क डगडगत फिरते, काही हजार किलोमीटरनंतर थडथड सुरू, आणि गिऱ्हाईक म्हणतं माल खराब दिला. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपर होजवर लटकवू नका, तारेने बांधा. पिनांना साधं ग्रीस नको, रबर फुगतं. नट टॉर्क पान्याने आवळा. गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर 50-60 च्या वेगावरून 15-20 पर्यंत, आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून वेग उतरवा, म्हणजे पॅड डिस्कवर बसतो. हे तुम्ही स्वतः करून मगच चावी द्या आणि त्याचे पैसे लावा. लाजू नका.

"सर, गावाकडचं गिऱ्हाईक जास्त पैसे देत नाही." हे मी शंभरदा ऐकलंय, पटत नाही. कारखान्याच्या काट्यावर भरवसा नाही म्हणून बाहेरच्या काट्यावर ऊस तोलून घेणारा हा शेतकरी. माप म्हणजे काय, हे त्याला तुम्ही शिकवणार का? त्याला मायक्रोमीटरचा आकडा दाखवा. बिलावर लिहा: डावी डिस्क इतकी, उजवी इतकी, किलोमीटर इतके. जुने पॅड डिकीत ठेवून द्या. बिनखोक्याचा सुटा माल दुकानात ठेवूच नका.

रांजणगावात जीप कंपास 2017 पासून बनते. गाड्या बनवणारा तालुका आपला, आणि ब्रेक नीट करायचे म्हटलं की ओळखीतले कितीतरी जण अजून पुण्याचा रस्ता धरतात. जागा रिकामी आहे ती इथे.

माझ्या गाडीच्या दोन्ही डिस्क आणि पुन्हा नवे पॅड शेवटी दौंडमधल्या एका पोराकडे टाकले. मजुरी त्याने बाजारापेक्षा जास्त लावली, पण बिलावर दोन्ही मापं लिहून दिली. मी, घासाघीस शिकवणारा माणूस, गपचूप पैसे देऊन आलो.