गावाकडच्या स्वयंपाकघराचा रंग

कर्जत, मुळशी, अलिबाग, गुहागर या भागांत फार्महाऊस बांधणाऱ्या किंवा जुनी घरे दुरुस्त करणाऱ्या आपल्या वाचकांना एक मागणी आता पाठ झाली असेल: "स्वयंपाकघर अगदी गावाकडच्यासारखे हवे." पाठोपाठ मोबाइलवर फोटो येतो. घर इंग्लंडच्या खेड्यातले, कपाटे राखाडी झाक असलेली फिकट हिरवी, भिंती सायीच्या रंगाच्या. फोटो छानच असतो. पण तो रंग तिकडच्या ढगाळ, मऊ उजेडात शोभतो. आपल्याकडे एप्रिलचे ऊन अंगणातल्या लाल मातीवरून परतून आत येते आणि तोच हिरवा मातकट दिसू लागतो.

आमचे मत असे, की शेडकार्ड सगळ्यात शेवटी उघडावे. आधी जे बदलणार नाही ते मांडून घ्यावे: कडप्प्याचा काळा ओटा, शहाबादी फरशी, सागवानी वासे, मंगलोरी कौले. तीन-चार रंग इथेच झाले. भिंतीला एक आणि दार-खिडक्यांना एक, एवढेच उरते. तिसऱ्या रंगाचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला तांब्यापितळेची भांडी फळीवर मांडून दाखवावीत, आग्रह बहुधा मावळतो.

रंगाइतकाच, किंबहुना जास्त, प्रश्न भिंतीचा आहे. चिऱ्याची, चुन्यात किंवा मातीत बांधलेली जुनी भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर ती सोडते. तिच्यावर पुट्टी आणि अॅक्रिलिक इमल्शनचे हात चढवले की ओल आत कोंडते, आणि एखाद-दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. दोष मग रंगाऱ्याच्या माथी. अशा भिंतीला चुनाच द्यावा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो, भिंतीला घट्ट धरतो आणि वाफ अडवत नाही. भिंत पाण्याने भिजवून पातळ तीन हात, एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. मात्र आधीच पुट्टी किंवा इमल्शन लागलेल्या भिंतीवर चुना धरत नाही. ते खरवडून काढण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून लिहा.

चुन्यात कोणता रंग टिकतो हेही ठरलेले आहे. गेरू आणि पिवडी ही लोहाची ऑक्साइडे, त्यामुळे चुन्याच्या दाहकतेला ती दाद देत नाहीत. निळीची पूडही टिकते. प्रशियन निळा टिकत नाही. ओला चुना भिंतीवर गडद दिसतो आणि वाळताना कितीतरी फिका होतो, म्हणून दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच ग्राहकाला बोलवावे. त्यातही एकदा सकाळी आणि एकदा दिवे लावून. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली पिवडी खुलते, ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक उजेडात तीच आजारी वाटते. दिव्यांची निवड रंगाआधी झालेली बरी.

शेगडीमागे मात्र चुना नको. ताज्या चुन्यावर फोडणीचा शिंतोडा उडाला की हळद लाल होते. हळद आणि चुन्यापासून कुंकू कसे होते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिथे ओट्याचाच दगड दोन फूट वर चढवावा.

जुन्या दारांवरचे ऑइलपेंट कोरडे घासू नका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारे नियम २०१६ चे आहेत आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते, आणि इथे तर धूळ स्वयंपाकाच्या जागेवरच बसणार. पाणी मारून घासा, मुलांना दूर ठेवा.

आणखी एक. मुद्दाम घासून, काळपट बोळा फिरवून नव्या कपाटाला जुनेपण आणण्याचे फॅड वाढले आहे. चुलीच्या धुराने वासे काळे व्हायला पिढ्या जातात. आठवड्यात उरकलेली ती नक्कल आमच्या डोळ्यांना खुपते. रंग साधा द्यावा, जुना तो वापराने होईल.

चुन्यात गेरू आणि पिवडी किती घालायची, हे प्रमाण ठिकठिकाणच्या जुन्या रंगाऱ्यांना तोंडपाठ असते, पण ते मुठींत आणि डब्यांत. ते वजनात मोजून, भिंत कशाची होती त्या नोंदीसह आमच्याकडे पाठवा. आम्ही छापू.